वाडीतली बिननावाची कर्दळ

अलिबागच्या दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, पुढे मुरूड आणि त्याखाली दिवेआगर, श्रीवर्धन अशी रायगड किनाऱ्यावरची गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांनी भरलेली आहेत. या वाड्यांची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. मधे विहीर, तिच्यापासून निघालेले पाट, पाटांच्या कडेने पोफळी, अधूनमधून नारळ, सावलीत मिरवेल आणि जायफळ. घराच्या मागच्या अंगाला, जिथे न्हाणीचे आणि मोरीचे पाणी बाहेर पडते, तिथे अळू, केळ आणि कर्दळ. कर्दळीचे हे बेट कोणी मुद्दाम लावल्यासारखे दिसत नाही. ते तिथे असते, दर पावसाळ्यात वाढते, लाल किंवा पिवळी फुले देते. पूजेच्या तबकात चार फुले त्याची जातात आणि पान फुलपुडी बांधायला उपयोगी पडते. त्याचे नाव विचारले तर उत्तर एवढेच मिळते, ‘कर्दळ’.

पण शेजारच्या वाडीतील कर्दळ वेगळी असते. तिथे पान जांभळट-तांबूस, फूल शेंदरी आणि तळहाताएवढे. तिसऱ्या वाडीत पिवळ्या फुलावर लाल ठिपके. या तिन्ही झाडांचे मूळ, वय आणि इतिहास वेगवेगळे आहेत. त्यांतील काहींना एके काळी स्वतंत्र नावे होती. ती नावे युरोपातील रोपवाटिकांच्या सूचिपत्रांत छापली जात आणि त्या नावांनीच त्यांचे गड्डे विकले जात. किनाऱ्यावरच्या वाडीत पोहोचेपर्यंत नाव गळून पडले आणि झाड तेवढे राहिले.

नावांचा हा घोटाळा फार जुना आहे. मराठीतले ‘कर्दळ’ हे नावसुद्धा मुळात या झाडाचे नव्हे. जुन्या मराठीत ‘कर्दळी’ म्हणजे केळ, संस्कृत ‘कदली’चेच रूप. गुरुचरित्राच्या परंपरेत नृसिंहसरस्वती श्रीशैलाजवळच्या ज्या कर्दळीवनात गेले, ते केळीचे बन. पुढे केळीसारख्या रुंद पानांचे, पण केळी न देणारे एक परदेशी झाड परसात आले आणि केळीचे ते जुने नाव त्याला चिकटले. दक्षिणेतही असेच घडले. मलयाळममध्ये ते ‘काट्टुवाळ’ आणि कन्नडमध्ये ‘काबाळे’. दोन्हींचा अर्थ रानकेळ.

शास्त्रीय नावाची कथा याहून चमत्कारिक आहे. लिनियसने १७५३ साली या झाडाला ‘कॅना इंडिका’ म्हटले. ‘इंडिका’ म्हणजे भारतातील. प्रत्यक्षात कॅना या प्रजातीतील एकही जाती मूळची भारतातील नाही. अलीकडच्या वर्गीकरणात या प्रजातीत सुमारे १० जाती धरतात आणि त्या सगळ्या अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील आहेत. वेस्ट इंडीज आणि ईस्ट इंडीज या दोन्ही ‘इंडीज’मधला गोंधळ त्या काळच्या युरोपीय ग्रंथांत सर्वत्र आहे आणि कर्दळ त्यात सापडली. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६ व्या शतकातच स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ही झाडे पाहिली होती. म्हणजे अमेरिकेतून इबेरियात आणि तिथून पोर्तुगीज जहाजांनी पूर्वेला असा तिचा मार्ग धरता येतो. मलबारात ती १७ व्या शतकात स्थिरावली होती. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात ती ‘कट्टु-बाला’ या मलयाळी नावाने चित्रासह आहे. स्थानिक नाव पडण्याइतकी ती तोवर तिथे रुळली होती.

रायगडचा किनारा या वाटेवरच होता. पोर्तुगीजांना १५२१ मध्ये चौलच्या खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. आजचे रेवदंडा ते हेच. १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात जाईपर्यंत ते पोर्तुगीजांचे भरभराटीचे शहर होते. अननस, पेरू, काजू, पपई, मिरची, झेंडू ही अमेरिकेतील पिके आणि फुले पोर्तुगीज काळातच पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आज त्यांच्याशिवाय कोकणातील स्वयंपाकघर आणि देवघर डोळ्यांपुढे येत नाही. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली आजही बोलली जाते. सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी बोली टिकली, हे या किनाऱ्याच्या स्मरणशक्तीचे मोठे उदाहरण आहे. झाडांच्या बाबतीत मात्र अशी बोली शिल्लक नाही. झाड जगले, त्याच्याबरोबर आलेले शब्द उरले नाहीत.

वाड्यांत आढळणाऱ्या कर्दळींमधील सर्वांत जुना थर याच मूळ जातीचा आहे. तिचे फूल लहान, पाकळ्या अरुंद, रंग लाल आणि ओठासारख्या खालच्या पाकळीवर पिवळसर ठिपके. तिला बी भरपूर धरते. फळ म्हणजे बारीक काट्यांनी भरलेले, तीन कप्प्यांचे बोंड. ते पिकून फुटले की आत काळ्या, गोल, छऱ्यासारख्या कडक बिया दिसतात. इंग्रजीत तिला ‘भारतीय छर्रा’ अशा अर्थाचे नाव आहे ते याच बियांमुळे. या बियांच्या जपमाळाही करीत. बी किती चिवट असते याचा पुरावा अर्जेंटिनातील साल्ता प्रांतातून मिळाला. तिथल्या एका प्राचीन वसाहतीत अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात कर्दळीचे बी सापडले. कवच सुमारे ५५० वर्षांपूर्वीचे ठरले आणि बी पेरल्यावर उगवले. हे संशोधन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा थर १९ व्या शतकातील आहे आणि तो युरोपात घडला. चिलीमध्ये फ्रान्सच्या वकिलातीचे काम करून परतलेल्या तेओदोर अने या गृहस्थाने पॅरिसजवळच्या पासी येथे १८४० च्या दशकात कर्दळींचे संकर सुरू केले. त्याच्या झाडांचे आकर्षण फूल नव्हते, पान होते. दोन-अडीच मीटर उंच, केळीसारखे डौलदार पान आणि वर किरकोळ फूल. पॅरिसच्या सार्वजनिक बागांत ती ताफ्यांनी लावली गेली. पुढे लियों शहरातील पिएर क्रोझी याने दिशा बदलली. पेरूच्या डोंगरातील ‘कॅना इरिडिफ्लोरा’ ही मोठ्या गुलाबी फुलांची जाती त्याच्या संकरांच्या मुळाशी होती. नावाचा अर्थच ‘आयरिससारख्या फुलाची’. क्रोझीने झाडाची उंची कमी केली, फुलाचा दांडा पानांच्या वर आणला आणि पाकळ्या रुंद केल्या. १८८० च्या दशकाच्या अखेरीची त्याची ‘मादाम क्रोझी’ ही पिवळ्या कडेची लाल कर्दळ जगभर गेली.

तिसरी पायरी नेपल्सजवळची. तिथल्या डामान रोपवाटिकेत कार्ल श्प्रेंगर याने उत्तर अमेरिकेच्या दलदलीतील पिवळी ‘कॅना फ्लॅसिडा’ आणि क्रोझीच्या जाती यांचा संकर केला. १८९३ च्या सुमारास ‘इटालिया’ आणि ‘ऑस्ट्रिया’ या जाती बाहेर आल्या. फूल एकदम मोठे, पाकळ्या मऊ, पसरट आणि लाटांसारख्या. या गटाला इटालियन किंवा ऑर्किड-फुलांचा गट म्हणतात. इटलीच्या राजाच्या नावाची ‘किंग हम्बर्ट’ ही तांबूस पानांची, शेंदरी-लाल फुलांची जात २० व्या शतकाच्या आरंभी याच गटातून आली. जुन्या बागांत, रेल्वेस्थानकांच्या कुंपणाशी आणि बंगल्यांच्या वाटेवर दिसणारी तांबूस पानांची उंच कर्दळ पाहिली की तिचीच आठवण होते.

भारतात ही झाडे आणण्याचे काम मुख्यतः उद्यान-संस्थांनी केले. कलकत्त्याची कृषी-उद्यान संस्था विल्यम केरीने १८२० मध्ये स्थापन केली. पुढे अलीपूर येथील तिच्या बागेत पर्सी-लँकेस्टर घराण्याने कर्दळींचे नवे संकर घडवले. पश्चिम भारताची अशी संस्था १८३० मध्ये सुरू झाली. मुंबईतील राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, या संस्थेच्या प्रयत्नांतून १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही तीच संस्था चालवते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांनी त्या काळात गणेशखिंडीच्या बागेचे काम पाहिले आणि भारतातील बागकामावर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. अशा बागांतून रोपे आणि गड्डे साहेबांच्या बंगल्यांत, संस्थानिकांच्या वाड्यांत आणि तिथून माळ्यांच्या हातून गावोगावी गेले. मुंबई आणि अलिबाग यांच्यामध्ये तर नुसती एक खाडी. कर्दळीचा गड्डा ओल्या फडक्यात बांधून पंधरा दिवस ठेवला तरी मरत नाही. भाजीच्या करंड्यांबरोबर होडीतून जाणाऱ्या या किनाऱ्यावरच्या माणसाला एक गड्डा आणणे अवघड नव्हते.

गड्डा येतो, चिठ्ठी येत नाही. नाव हरवण्याचे पहिले कारण हे. दुसरे कारण हवामानात आहे. थंड देशांत हिवाळ्याआधी कर्दळीचे गड्डे खणून, वाळवून, तळघरात ठेवावे लागतात. दरवर्षी खणताना दरवर्षी चिठ्ठी बांधावी लागते, नाही तर वसंतात कोणता गड्डा कोणता हे कळत नाही. तिथे नाव टिकले ते या सक्तीमुळे. कोकणात कर्दळ जमिनीतच राहते, वर्षभर हिरवी असते, कोणी ती उचलत नाही. चिठ्ठीची गरजच पडत नाही. पहिली चिठ्ठी पहिल्याच पावसाळ्यात कुजते आणि दुसरी कोणी लावत नाही. तिसरे कारण, झाडाची देवघेव. माहेराहून आलेला गड्डा, शेजारणीने कुंपणावरून दिलेला गड्डा, लग्नघरी आवडला म्हणून मागून आणलेला गड्डा. देणाऱ्याला नाव ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही. कोकणातील बायकांनी या झाडांना जी ओळख दिली ती ‘अमुक काकूंची’ अशी. ही ओळख सूचिपत्रातील नावाहून कमी मोलाची मानू नये. पुढे दिसेल की शोधाचा पहिला धागा बहुधा हाच असतो.

युरोप-अमेरिकेतील बागांत जुन्या दाढीवाल्या आयरिसची अवस्था अशीच आहे. खालच्या पाकळ्यांवर केसांची झालर असलेले ते फूल आजीच्या बागेतून नातीच्या बागेत जाते आणि नाव मागे राहते. काश्मीरमध्ये कबरस्तानांत लावलेले आयरिस डोंगरउतारावर निळे-जांभळे फुलतात, तेही असेच बिननावाचे. कोकणात ते झाड जगत नाही. त्याच्या गड्ड्याला उन्हात तापायला कोरडी जमीन आणि हिवाळ्याची थंडी लागते. इथे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गड्डा कुजतो. त्याच जागी, त्याच कामाला, इथे कर्दळ आहे.

बिननावाची कर्दळ ओळखताना सुरुवात फुलापासून करण्याची घाई बहुतेक जण करतात आणि तिथेच चुकतात. आधी बेट पाहावे. पन्नास वर्षांच्या बेटात एकच जात असेल याची खात्री नसते. दोन जाती शेजारी लावल्या तर जोमदार जात दुसरीला गिळते आणि कुठे तरी एका कोपऱ्यात दुसरीचा एखादा कोंब उरतो. जुन्या बेटात पडलेल्या बियांची पोरेही मिसळलेली असतात आणि ती आईसारखी असतीलच असे नाही. म्हणून पहिले काम असे: बेटातून एकच कोंब, त्याच्या गड्ड्यासकट, धारदार कोयत्याने वेगळा काढावा आणि मोठ्या कुंडीत लावावा. पुढच्या सगळ्या नोंदी त्या एका कोंबाच्या वाढीच्या असाव्यात. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत निरीक्षण केले तर बरेच काही हाती लागते.

झाड खरोखर कर्दळ आहे ना, हेही पाहावे लागते. फुले नसताना सोनटक्का, हळद, पेव आणि कर्दळ यांची पाने लांबून सारखी दिसतात. हळदीचा आणि सोनटक्क्याचा गड्डा मोडला की वास येतो. कर्दळीचा गड्डा मोडला तर पांढरा, पिठूळ आणि बिनवासाचा निघतो. पेवाचा दांडा गोल जिन्यासारखा वळत जातो, कर्दळीचा सरळ असतो. कर्दळीच्या गड्ड्यातील पिठाचे कण इतके मोठे असतात की उजेडात धरले तर साध्या डोळ्यांनाही चमकल्यासारखे दिसतात. अँडीज पर्वतातील लोक हा गड्डा भाजून खातात आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या शेवया होतात. किनाऱ्यावरच्या एखाद्या परसात फूल अगदीच लहान पण गड्डा आणि पान प्रचंड अशी कर्दळ असेल, तर ती या खाण्याच्या वाणाची असू शकते.

मग पान. हिरवे, तांबूस-जांभळे की पट्टेरी, आणि रंग कोवळ्या पानात गडद की जुन्या पानात? तांबूस कड फक्त काठावर आहे की सगळ्या पानावर? दांड्यावर पांढरट पावडर आहे का? उंची किती? या नोंदी साध्या वाटतात, पण सूचिपत्रांतील अर्ध्या जाती एवढ्यानेच बाजूला पडतात.

त्यानंतर फूल, आणि ते नीट उलगडून पाहण्यासारखे आहे. कर्दळीच्या फुलात ज्याला सगळे पाकळ्या म्हणतात त्या पाकळ्या नसतात. बाहेर तीन छोटी निदले, त्यांच्या आत तीन अरुंद, टोकदार, बहुधा हिरवट-तांबूस खऱ्या पाकळ्या आणि त्यांच्या आत ती रंगीत, रुंद, डोळ्यांत भरणारी पाने. ती म्हणजे रूप पालटलेले पुंकेसर. त्यांतले एक खाली ओठासारखे वळते. एकच पुंकेसर खऱ्या अर्थाने काम करते आणि तेही अर्धे: एका बाजूला परागकोश, दुसऱ्या बाजूला पाकळी. मधोमध चपटा, पट्टीसारखा कुक्षीवृंत उभा असतो. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हळूच उघडली तर त्या पट्टीवर पराग आधीच चिकटलेले दिसतात. परागकोश कळीतच फुटतो आणि आपले पराग कुक्षीवृंतावर ठेवून मोकळा होतो. सकाळी फूल उमलल्यावर मध प्यायला आलेला शिंजीर चोच घालतो आणि पराग तिथूनच त्याच्या चोचीला लागतात. अमेरिकेत हे काम हमिंगबर्ड करतो. किनाऱ्यावर ते शिंजिराने आपणहून उचलले आहे.

आता या रंगीत पानांची संख्या, रुंदी आणि ठेवण नोंदवावी. अरुंद आणि लहान असतील, फूल चार-पाच सेंटिमीटरचे असेल आणि बोंडे भरपूर धरत असतील, तर ती मूळ जाती किंवा तिच्या अगदी जवळची. फूल मध्यम मोठे, रंगीत पाने उभी आणि एकमेकांपासून सुटी, दांडा पानांच्या वर ताठ असेल, तर क्रोझीच्या घराण्याची. फूल खूप मोठे, मऊ, पसरट, कडा लाटदार आणि खऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या असतील, तर इटालियन गट. या शेवटच्या गटाची एक खूण कोकणात विशेष स्पष्ट दिसते: पावसात त्याची फुले चिखलासारखी होतात आणि वाळलेली फुले गळून न पडता दांड्याला लोंबत राहतात. क्रोझीची फुले बऱ्याचदा आपणहून गळतात.

बी धरते की नाही, ही कसोटी शेवटची आणि फार महत्त्वाची. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात टी. एन. खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास लागवडीतील कर्दळींच्या गुणसूत्रांचा सविस्तर अभ्यास केला. साध्या कर्दळीत १८ गुणसूत्रे असतात. काही लागवडीच्या जातींत ती २७ निघाली, म्हणजे तीन संच. अशा झाडाला बी धरत नाही. फ्लॅसिडाचे रक्त असलेले इटालियन संकरही बहुतेक वांझ असतात. वांझ जातीचे बेट म्हणजे मूळ गड्ड्याचाच विस्तार. शंभर वर्षांपूर्वी नेपल्समध्ये जे झाड होते तेच, त्याच देहाचे, आज नागावच्या मोरीपाशी असू शकते. बी धरणाऱ्या जातीबाबत असे म्हणता येत नाही, कारण तिथे पिढ्या बदललेल्या असतात. त्यामुळे जुने नाव परत देण्याचा विचार फक्त वांझ बेटांच्या बाबतीत करावा.

यातही फसण्याच्या जागा आहेत. काही कर्दळी एकाच देहात दोन स्वभाव घेऊन वाढतात. ‘क्लिओपात्रा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या झाडाला एकाच दांड्यावर पिवळी आणि लाल फुले येतात, कधी एकाच फुलाचा अर्धा भाग लाल आणि अर्धा पिवळा. हिरव्या पानावर जांभळ्या पट्ट्या उमटतात. अशा बेटातून केवळ पिवळ्या फुलाचा कोंब उचलून नेला तर दुसऱ्या वाडीत ती ‘पिवळी कर्दळ’ म्हणून वाढते आणि एखाद्या वर्षी अचानक लाल फूल देते. घरच्यांना वाटते, कोणी तरी मधे दुसरी लावली. फुलाच्या एका रंगावरून नाव ठरवू नये, हे सांगायला एवढे एक झाड पुरे आहे.

पट्टेरी पानांचा घोटाळा याच्या उलट आहे. हिरव्या पानावर पिवळ्या रेषा आणि शेंदरी फूल असलेली एकच जात जगात ‘स्ट्रायटा’, ‘प्रिटोरिया’ आणि ‘बेंगॉल टायगर’ अशा तीन नावांनी विकली जाते. कोणते नाव बरोबर, यावर वाद घालण्यापेक्षा तिन्ही नावांचे झाड एकच आहे हे ध्यानात ठेवलेले बरे. पण पिवळ्या रेषा म्हणजे पट्टेरी जात असेही नाही. जुन्या, गड्ड्यांवर वाढवलेल्या कर्दळींत विषाणू पिढ्यानपिढ्या जातो. कॅना यलो मॉटल हा त्यांतला एक. खरी पट्टेरी जात पान उलगडतानाच पट्टेरी असते. तिच्या रेषा शिरांबरोबर सरळ जातात आणि झाड जोमदार असते. विषाणूच्या रेषा तुटक, माळेसारख्या, पुढे तपकिरी होणाऱ्या असतात, पान वेडेवाकडे होते आणि फूल बारीक पडते. असे बेट वाटू नये. कोयता एका बेटातून दुसऱ्यात नेताना धुऊन, पुसून आणि तापवून न्यावा.

एवढे सगळे झाल्यावर जुन्या सूचिपत्राशी मेळ घालायचा, आणि इथे बहुतेक वेळा शोध थांबतो. सूचिपत्रातील वर्णन ‘उंच, तांबूस पान, शेंदरी फूल’ एवढेच असते आणि त्यात दहा जाती बसतात. डीएनए तपासून दोन बेटे एकाच झाडाची आहेत का हे सांगता येते. पण त्याला नाव द्यायचे तर खात्रीच्या नावाचे दुसरे झाड शेजारी ठेवावे लागते. म्हणून तांबूस पानाच्या प्रत्येक कर्दळीला ‘किंग हम्बर्ट’ म्हणणे ही ओळख नव्हे, तो अंदाज आहे. खोटे नाव बिननावापेक्षा वाईट, कारण ते पुढच्या शोधाचा रस्ता बंद करते. गट सांगावा, नाव सांगू नये, हाच या बाबतीत प्रामाणिक नियम.

गट आणि त्याबरोबर गावाचे नाव. रोपवाटिकांच्या सूचिपत्रांत जे मिळत नाही ते बऱ्याचदा घरातील म्हाताऱ्या माणसाकडे मिळते: हे बेट कोणी आणले, कोणत्या गावाहून, विहिरीवर रहाट होता तेव्हा की पंप बसल्यावर, घर कौलारू होते तेव्हा की नंतर. अशा तपशिलावरून वय ठरते आणि वयावरून गट पक्का होतो. एखादी कर्दळ १९२० पूर्वीची आहे हे कुटुंबाच्या हकिकतीतून ठरले, तर नंतरच्या सगळ्या बुटक्या जाती आपोआप वगळल्या जातात. ‘अमुक काकूंची कर्दळ’ या ओळखीचे मोल इथे कळते.

काळ मात्र फार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या शेकड्यांनी आडव्या झाल्या. कर्दळीचा गड्डा वाऱ्याने उपटत नाही. तो जातो नंतरच्या साफसफाईत. वाडी नव्याने लावताना, घराची डागडुजी करताना, पर्यटकांच्या खोल्यांसाठी मागच्या अंगणात फरशी घालताना मोरीपाशी असलेले बेट सर्वांत आधी खणले जाते. मोरीचे पाणी आता नळीतून शोषखड्ड्यात जाते, त्यामुळे कर्दळीची ती जागाच उरत नाही. सांडपाण्यावर कर्दळ लावण्याची ही घरगुती रीत अडाणीपणाची होती असे कोणी समजू नये. नागपूरच्या नीरी संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी जी ‘फायटोरिड’ पद्धत तयार केली, तिच्या खाचरांत लावण्याच्या झाडांत कर्दळ आहे. आजीने मोरीपाशी केले तेच, मोजून-मापून.

ज्यांच्या वाडीत असे जुने बेट आहे त्यांनी खणण्याआधी एक गड्डा बाजूला लावावा आणि त्याच्याजवळ चिठ्ठी ठेवावी. कागद आणि प्लास्टिक इथल्या पावसात आणि उन्हात टिकत नाही. पडक्या घराचे मंगलोरी कौल घ्यावे, त्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने गाव, देणाऱ्याचे नाते आणि वर्ष कोरावे आणि कौल गड्ड्याशेजारी अर्धे पुरावे. कौलावर कोरलेले अक्षर वीस-पंचवीस पावसाळे सहज वाचता येते.